महिरपीतली रिकामी जागा

“दूध तापतंय, बाई. कुणाला सांगू?”

इतकी वर्षं झाली, पण हौसाबाईंचा तो आवाज अजून माझ्या कानात तसाच आहे. त्यात घाबरणं नव्हतं. शेजारणीच्या तव्यावरची भाकरी करपायला लागली की भिंतीपलीकडून हाक द्यावी, तसा तो आवाज होता.

रंगपंचमीची सुट्टी होती. सोलापुरातल्या आमच्या दूध संघाच्या ऑफिसात मी एकटीच बसले होते. गल्लीत रंगाचा धिंगाणा होता म्हणून ऑफिस गाठलं, असं मी घरमालकिणीला सांगितलं होतं. माझ्याबरोबर कॉम्प्युटरचं काम बघणारे पाचंगेही दुपारी येऊन जाईन म्हणाले होते, एवढं मात्र तिला सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, कुठून बोलताय. खडकेवाडीच्या शीतकेंद्रावरून, हौसा बोलतीय, असं उत्तर आलं. गावोगावचं दूध सकाळ-संध्याकाळ त्या केंद्रावर जमतं आणि मोठ्या टाकीत गार होऊन राहतं. टाकीची मोटर बंद पडली की दूध कोमट होऊ लागतं आणि घटकाभरात नासतं. तसं झालंच तर केंद्रावरच्या कॉम्प्युटरनं मेकॅनिकला आपोआप कळवायचं, अशी सोय होती.

“मशीननं कळवलं नाही का?” मी विचारलं.

“मशीन लाल डोळा करून बसलंय नुसतं. आधी आपसूक जायचं मेकॅनिकला. म्हणून तर त्याचा नंबर आम्ही कुणी ठेवलाच नाही.”

तेवढ्यात पाचंगे आले. एक कान गुलाबी, एक हिरवा. मी दोन वाक्यांत सांगितलं, त्यांनी तीन फोन केले. मेकॅनिक निघाला, वाटेतला टँकर खडकेवाडीकडे वळवला, आणि दूध वाचलं. हौसाबाईंनी पुन्हा फोन करून तेही कळवलं आणि रंग खेळायला जा म्हणाल्या.

मग आम्ही पडद्यावर शोधायला बसलो, की मशीननं कळवलं तरी कुणाला. संदेश गेला होता. नीट, वेळेवर, माझ्या समोरच्या टेबलावरच्या काळ्या टेलिफोनला. त्या बिचाऱ्याला वाजता येत होतं, संदेश वाचता येत नव्हता.

पाचंगेंनी टेलिफोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मोटेबाई,” ते म्हणाले, “तुमच्या साच्यानं अंदाजानं देव बोलावला.”

हे ते का म्हणाले, ते नीट सांगायला हवं.

आमच्या संघाची शीतकेंद्रं चार तालुक्यांत पसरलेली. प्रत्येक केंद्रावर लोखंडी पेटीत एक छोटा सर्व्हर, आणि तो ज्यानं बसवला त्याच्या मर्जीनं मांडलेला. कुठं घड्याळ पुढं, कुठं टाकीची मर्यादा वेगळी. हे सगळं एका हातानं, एका पद्धतीनं मांडणारी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनसाठी हुकमांची यादी, लिहायची, असं आमचे वरिष्ठ इनामदार साहेब यांनी ठरवलं आणि काम आम्हा दोघांवर सोपवलं. ऑफिसातून एकदा हुकूम सोडायचा, की केंद्रोकेंद्रीची मशीन आपली आपण सजतील.

त्यासाठी साचा लागतो. लग्नपत्रिकेचा मजकूर एकच, नावांच्या जागा मोकळ्या, तसंच हे. मोकळी जागा दुहेरी महिरपी कंसात असते. आत लिहायचं ‘केंद्राचं नाव’, ‘टाकीची मर्यादा’, ‘कुणाला कळवायचं’. स्क्रिप्ट चालली की त्या महिरपींत ज्याचं त्याचं नाव जाऊन बसतं. मला ते कंस फार आवडायचे. आमच्या गावच्या देवळात समईसाठी कोनाडे होते, त्यांची आठवण यायची.

आमचं भांडण मोकळ्या जागेवरून नव्हतं. ती मोकळीच राहिली तर काय करायचं, यावरून होतं.

मी साच्यात पुष्कळ जर-तर घातले होते. केंद्र जुनं असेल तर हे, टाकी लहान असेल तर ते. आणि काहीच सांगितलं नसेल तर ठरलेलं एक उत्तर आपलं आपण बसावं, ही सोय. ‘कुणाला कळवायचं’ कोरं असेल तर मुख्य ऑफिसचा नंबर. मला वाटायचं, यात माया आहे. कुणी विसरलं तरी काम अडू नये. घरात एखादा जेवायला येईल न येईल, तरी त्याचं ताट वाढून झाकून ठेवतात ना, तसं.

पाचंगेंना हे अजिबात पटायचं नाही. ते म्हणायचे, साचा मुका असावा, विचार बाहेर ठेवावा. एका ओळीत एक गोष्ट, लहान पोरालाही वाचता यावी अशी. त्यांची फाईल लांबलचक व्हायची, आणि मी चिडवायचे की यादी लिहिताय की बाजाराला चाललाय. ते म्हणायचे, “तुमची फाईल बघितली की वाटतं, सुतळीचा गुंडा मांजरीनं खेळवलाय.” शून्यानं सुरू होणारा टेलिफोन नंबर अवतरणचिन्हांत घालायला मी विसरले, की स्क्रिप्ट पुढचं शून्य गिळून टाके. मग त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे, तो पगारवाढीलाही दिसला नव्हता. तरी रंगपंचमीआधी केंद्रांवर चालवली ती माझ्याच साच्याची स्क्रिप्ट, आणि तेव्हा खडकेवाडीची ‘कुणाला कळवायचं’ ही जागा कोरी राहिली होती.

असे आमचे दिवस चालले होते. हसत, भांडत, एका पडद्यापुढं दोन खुर्च्या ओढून. आणि त्या महिनाअखेरीस अंबादास पाचंगे बंगळूरला जाणार होते.

इनामदार साहेबांचे एक जुने मित्र तिथल्या मोठ्या कंपनीत होते. साहेबांनीच त्यांच्याकडे पाचंगेंचं नाव टाकलं. बोलावणं आलं, तसं साहेबांनी अख्ख्या ऑफिसला चहा पाजला. सगळे म्हणाले, पाचंगेंचं नशीब उघडलं. पाचंगे हसले. त्या हसण्याला सगळ्यांनी होकार समजलं, मीही समजले. निरोपाची शाल कुणी आणायची, ते ठरलं.

मला ते जायला नको होते. एवढं एकच वाक्य होतं, आणि ते मी कुणापाशी बोलले नव्हते. त्यांच्यापाशी तर नाहीच.

रंगपंचमीनंतरच्या सोमवारी साहेबांनी आम्हाला समोर बसवलं. शौकत इनामदार म्हणजे शांत माणूस. रागावले तर चष्मा पुसायचे. त्या दिवशी चष्मा बराच वेळ पुसला गेला. मग म्हणाले, दूध वाचलं, त्याबद्दल हौसाबाईंना संघाकडून साडी पाठवतोय. आता मला फक्त एवढं सांगा, की ही सोय ठेवायची की काढायची.

मी माझी बाजू मांडली. टेबलावरचा नंबर चुकला, मान्य, त्याजागी चांगला मोबाइल नंबर घालू. पण सोय काढली, तर एखाद्या केंद्राची एक जागा कोरी राहिली म्हणून सगळ्यांचंच काम अडून बसेल. हे कुठलं शहाणपण?

साहेब पाचंगेंकडे वळले. “काय ओ पाचंगे, तुम्ही गप्प?”

पाचंगे गोंधळ्याच्या घरचे. लग्नसराईत रजेचा अर्ज टाकून वडिलांमागं तुणतुणं घेऊन उभे राहायचे, आणि अर्जात कारण लिहायचे, ‘देवीचं काम’. त्यांनी सांगितली ती त्यांच्या वडिलांची गोष्ट.

लग्न लागल्यावर गोंधळ घालतात, तेव्हा गोंधळी गावोगावच्या देवांना नावानं हाका मारतो. चाल एकच, देवाचं आणि गावाचं नाव तेवढं बदलत जातं. पण त्या घराचं कुळदैवत कोणतं, हे घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांचे वडील संबळाला हात लावत नसत. एकदा बार्शीकडच्या एका घरी विचारलं, तर कुणालाच सांगता येईना. बाप म्हणे चुलत्याला ठाऊक, चुलता म्हणे आम्ही लहानपणीच गाव सोडलं. मांडवातली माणसं ताटकळली. कुणीतरी म्हणालं, म्हणा की तुळजापूरची भवानी, तिला कोण नाही म्हणतंय? वडिलांनी संबळ खाली ठेवला तो ठेवलाच. शेवटी शेजारच्या वाडीवरून नवरदेवाच्या आत्याला बैलगाडीत घालून आणलं. तिनं नाव सांगितलं, मग पोत पेटला.

“मी लहान होतो, पेंगुळलो होतो,” पाचंगे म्हणाले. “घरी जाताना आण्णांना विचारलं, अंदाजानं एक देव बोलावला असता तर काय बिघडलं असतं? आण्णा म्हणाले, आला असता ना तो. येऊन विचारलं असतं, कुणाच्या दारात आणलंस मला?”

साहेबांनी चष्मा घातला. मी माझ्या टेबलावरच्या काळ्या टेलिफोनकडे पाहिलं.

त्या दिवसापासून आम्ही साच्यातून ठरलेली उत्तरं काढायला बसलो. जर-तर सगळे बाहेर काढले. प्रत्येक केंद्राची आपली साधी फाईल, एका ओळीत एक गोष्ट. आणि स्क्रिप्टच्या तोंडाशी राखणदार. एकाही केंद्राची एकही जागा कोरी असेल, तर एकाही मशीनला हात न लावता तिनं अडून बसायचं आणि कुठलं केंद्र, कुठली जागा, ते सांगायचं. राखणदार मी लिहिला. त्याच्या डोक्यावर, यंत्र जी ओळ वाचत नाही अशा ओळीत, मी दोन चरण जोडले. आई शेंगा फोडताना ओव्या म्हणायची, तिची चाल माझ्या बोटांत होती.

दारात उभी मी, उंबरा ओलांडेना
घरधनी बोलेना, पाऊल उचलेना

साहेबांनी तपासताना ते मोठ्यानं वाचलं. विचारलं, हे मशीनला कळतं? मी म्हटलं, नाही साहेब, मशीन या ओळी सोडून देतं. मग कुणासाठी? म्हटलं, पुढं कधी ही फाईल जो उघडेल, त्याच्यासाठी. साहेब म्हणाले, तो बिचारा म्हणेल, दूध संघात आलो की भजनी मंडळात. पण पुसायला सांगितलं नाही.

पहिल्यांदा चालवली, तर स्क्रिप्ट पटकन अडली. जागा भरली, पुन्हा चालवली, पुन्हा अडली. दिवसभर तेच. प्रत्येक अडण्याला एक फोन. रात्रीबेरात्री टाकी बिघडली तर तुमच्याकडं कोण उठेल? पहिला कोण, तो नसेल तर दुसरा कोण? ज्या प्रश्नाचं उत्तर मी ऑफिसात बसून परस्पर देऊन टाकलं होतं, त्याला गावोगावी काय काय उत्तरं आली. एका केंद्रावर चेअरमन म्हणाले, माझा घाला, आणि मागून त्यांची बायको म्हणाली, यांचा नको, हे तोफेनं उठत नाहीत, माझा घाला. एका ठिकाणी दोन भाऊ फोनवरच भांडले, मग दोघांचेही घातले. पाचंगे फोन धरायचे, मी लिहून घ्यायचे. इतक्या फाईली मी आयुष्यात भरल्या, पण अशा हसत कधी भरल्या नाहीत. हसता हसता मध्येच आठवायचं, की हे संपलं की शाल यायची आहे.

संपत आलंच. सगळ्या जागा भरल्या आणि एक उरली. खडकेवाडी, दुसरा नंबर. वाऱ्यानं तिथला टॉवर कलला होता, फोन लागेना. साहेबांचं म्हणणं पडलं, की तेवढं एक केंद्र वगळा, बाकीचं उरका, पाचंगेंचे दोनच दिवस राहिलेत. पाचंगे म्हणाले, वगळता येईल.

“नको,” मी म्हणाले. “जाऊन विचारू.”

पाचंगेंनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. साहेबांनी हात वर केले आणि म्हणाले, जा, देवीचं काम समजून जा.

सकाळी त्यांच्या मोटरसायकलवरून निघालो. ज्वारीची काढणी झालेली, रानं मोकळी, कडब्याच्या गंजी रस्त्याला टेकलेल्या. एरवी आमची भांडणं वाटभर पुरली असती, त्या दिवशी वारा किती सुटलाय एवढ्याच बोलण्यावर भागवलं.

केंद्रावर दूध घालणाऱ्यांची वर्दळ ओसरत होती. हौसाबाई म्हणजे उंच, काटक बाई, कासोट्याचं लुगडं, हातात माप. आवाजावरून मी तिला लगेच ओळखलं, तिनंही मला. संघाची साडी मिळाली का विचारलं, तर म्हणाली, मिळाली, रंग भटजीनं निवडल्यावानी हाय. मग आमचं काम ऐकून घेतलं. पहिला मेकॅनिकचा, ठीक. दुसरा कुणाचा?

तिनं क्षणभरही विचार केला नाही. “माझ्या सुनंचा घ्या. लेकरू तान्हं हाय तिचं. ती जागीच असती.”

नंबर घेतला. मी अवतरणात घातला, पाचंगेंनी तपासून पाहिला आणि गालातल्या गालात हसले. हौसाबाईंनी कोमट दुधाचे दोन पेले दिले आणि विचारलं, की आता पुढं हे मशीन बिघडलं तर हाक कुणाला मारायची, तुम्हा दोघांना ना?

मला म्हणावं लागलं. “मला. हे चाललेत. बंगळूरला.”

हौसाबाईंनी पाचंगेंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कवा ठरलं?”

“ठरलंय म्हणे,” पाचंगे म्हणाले.

“म्हणे?” तिनं माप खाली ठेवलं. “जाणार तुम्ही, आन् म्हणे?”

पाचंगे पेल्यात पाहू लागले. तेवढ्यात बाहेर कुणीतरी किटली घेऊन आलं आणि हौसाबाई पदर खोचत निघून गेली. खोलीत आम्ही दोघं आणि ती मोठी टाकी. मोटर संथ घुमत होती. टाकीच्या पत्र्यावर दव साचलं होतं, त्यात पाचंगेंनी बोटानं एक रेघ ओढली.

मी त्यांच्याकडे पाहिलं. आठवून पाहिलं, की बोलावणं आल्यापासून त्यांना कोणी काय काय विचारलं. कधी निघणार, सामान कसं नेणार, तिकडं इडली रोज पचेल का. साहेबांनी हे विचारलं होतं, शिपायानं विचारलं होतं, मीही विचारलं होतं.

“तुम्हाला जायचंय का?” मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं. असं वाटलं, की शब्द त्यांना ऐकू गेले, पण पटायला वेळ लागतोय.

“नाही,” ते म्हणाले.

मोटर घुमत राहिली.

“मग बोलला का नाहीत?”

“साहेबांनी एवढ्या हौसेनं शब्द टाकला होता. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. आणि...” ते अडखळले. “आणि तुम्ही काहीच म्हणाला नाहीत, मोटेबाई. मला वाटलं, तुमच्या बाजूनं तेच उत्तर आहे.”

“मी काहीच म्हणाले नव्हते, म्हणून?”

“म्हणून.”

“तुमची स्क्रिप्ट एका कोऱ्या जागेसाठी अख्ख्या संघाचं काम अडवून बसते,” मी म्हणाले. “आणि तुम्ही माझ्या वतीनं परस्पर भरून मोकळे?”

ते हसले. पण ते नेहमीचं हसणं नव्हतं. कानाच्या पाळीवर रंगपंचमीचा हिरवा अजून थोडा राहिला होता, तो मला तेव्हा दिसला.

“तुम्हीही माझ्या वतीनं भरलंतच की,” ते म्हणाले. “मी नुसता हसलो होतो.”

बाहेर हौसाबाई कुणाशी तरी दुधाच्या फेसावरून वाद घालत होती. किटल्या एकमेकींवर आदळत होत्या. ती कुठल्याही क्षणी आत येईल, हे मला माहीत होतं. पेला मी खाली ठेवला. नोकरीला लागल्यापासून मी त्यांना पाचंगे म्हणत आले होते. ते नाव तोंडाशी आलं, आणि मी ते मागं घेतलं.

“अंबादास,” मी म्हणाले, “जाऊ नका. तुम्ही गेलात तर मला करमणार नाही.”